बाद फेरीची दहा वर्षं

ते एकोणीसशे बासष्ट साल. जानेवारी संपत आला होता. पुढच्या आठवड्यात आठ ग्रह एका राशीत येणार आणि मग जगाचं काही खरं नाही, असं जो तो बोलत होता. अमरावतीत गल्लोगल्ली होम पेटले होते. चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतल्या बायकाही दागिने अंगावर घालूनच झोपत होत्या. राजापेठेतल्या पिंपळखुट्यांच्या घराला मात्र ग्रहांकडे बघायला सवड नव्हती. तिथे चिंता एकच होती. अंबिका जिनाचा संघ यंदा तरी बाद फेरीत जाणार का?

अंबिका जिन म्हणजे बडनेरा रोडवरचा कापसाचा कारखाना. सरकी काढायची, गाठी बांधायच्या. मालकाला हुतूतूचा भारी शौक. त्यानं दर्यापूर, चांदूर बाजार, कुठून कुठून दमदार गडी वेचून आणले आणि जिनात कामाला लावले. हजेरीपटावर कुणी पहारेकरी, कुणी काटेवाला, पण पगार खरा मिळायचा तो खेळायचा. दर जानेवारीत अकोल्याला वऱ्हाड ढालीचे सामने भरत. सोळा संघ, चार-चारांचे चार गट. शुक्रवार, शनिवार, रविवार गटातले सामने, आणि प्रत्येक गटात जो पहिला येईल तो सोमवारी बाद फेरीत. एक्कावन्न साली अंबिका जिन थेट अंतिम सामना खेळलं होतं. त्यानंतर सलग दहा वर्षं रविवारच्या संध्याकाळच्या गाडीनं परत. अकोल्याची माणसं तर शुक्रवारी पहिली चढाई व्हायच्या आधीच ओरडायची, "ओ आमरावतीवाले, परतीचं तिकीट काढलं ना बाप्पा?"

रमाचं लग्न एक्कावन्नच्या मे महिन्यातलं.

ती अकोल्याची. जुन्या शहरातल्या मोरोपंत धर्माधिकाऱ्यांची मुलगी. मोरोपंत, घरातल्या सगळ्यांचे अण्णा, भिक्षुकी करायचे. अर्ध्या अकोल्याच्या मुंजी आणि लग्नं त्यांनी लावलेली. जावई कमलाकांत पिंपळखुटे अंबिका जिनात हजेरी कारकून आणि संघाचा कप्तान. बावन्न साली नवी नवरी रमा माहेरी आली आणि बायकांच्या बाजूला बसून तिनं नवऱ्याचा खेळ पाहिला. संघ एका गुणानं हरला. स्टेशनवर संघाचे व्यवस्थापक शेषराव सगळ्यांदेखत म्हणाले, "कमळूभाऊ, वयनीचा पायगुन काही आपल्या टीमले मानवला नाही बाप्पा!"

सगळे हसले. रमाही हसली. पुढे कित्येक वर्षं तिला वाटत राहिलं, आपण तेव्हा हसायला नको होतं.

त्रेपन्नला ती गेलीच नाही, तरी संघ हरला. तेव्हा कुणाला तरी आठवलं, निघताना ती दारात आडवी आली होती. चोपन्नला भावाच्या लग्नासाठी तिला अकोल्याला जावंच लागलं, संघ हरला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं हे अंगण एकदा रमाच्या नावावर चढलं ते चढलंच. सासूबाई पार्बताबाईंनी शेजारणीपाशी 'पांढऱ्या पायाची' हा शब्द काढला आणि मग तो घरात राहायलाच आला. मूलबाळ नव्हतं, तेही त्याच शब्दाखाली गेलं. पंचावन्न सालापासून नेम ठरला. संघ निघाला की तो परत येईपर्यंत रमानं बडनेऱ्याच्या पुढे जायचं नाही, अकोल्याच्या मातीला पाय लावायचा नाही, आणि माहेरचं पत्र आलं तर ते फोडायचंसुद्धा नाही.

कमलाकांतनं स्वतःच्या तोंडानं तिला कधी काही लावलं नाही. स्वभावानं तो मऊ माणूस. "माझा विश्वास नाही गं," तो म्हणायचा, "पण पोरांचा आहे. हुतूतू म्हणजे अर्धा दम छातीत आणि अर्धा मनात. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

आणि खरंच, संघ रविवारी परत येत असल्यामुळे तो तीन दिवसांचाच प्रश्न असायचा.

संघातला सगळ्यात तेज चढाईवाला देवमन. छप्पन्न साली त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली. तेव्हापासून सामन्याआधी मारुतीपुढे नारळ फुटताना तो बाजूला हात बांधून उभा राहायचा. याच्यामुळेच देव कोपला अशी कुजबुज झालीच. पण देवमन चढाईला गेला नाही तर गुण आणणार कोण? त्याला दुखवणं परवडणारं नव्हतं. रमाला दुखवणं परवडत होतं.

तर बासष्ट साल. कमलाकांत आता खेळत नव्हता, संघाला शिकवत होता. शुक्रवारी, सव्वीस जानेवारीला, पहिला सामना झाला. शनिवारी त्याचं पोस्टकार्ड आलं. "आज खामगाव संघाला हरवले. सामन्यापूर्वी तुझ्या घरी जाऊन आलो. अण्णांची प्रकृती थोडी नरम आहे, काळजीचे कारण नाही. रविवारचा सामना झाला की कळवतो."

आणि त्याच दुपारी चार वाजता तार आली.

पार्बताबाईंनी ती दारातच घेतली आणि पदराखाली धरून देवघराकडे निघाल्या. "अकोल्याची आहे. उद्या संध्याकाळी उघडू."

"आई, तार आहे ती," रमा म्हणाली.

"कळतं मला. एक दिवसानं काय बिघडतं? दहा वर्षांनी पोरं जिंकताहेत."

रमा त्यांच्या वाटेत उभी राहिली. कधी आवाज न चढवलेली सून ती. तिनं तार सासूच्या मुठीतून ओढून काढली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर फोडली. भाऊ गोपाळकृष्णची होती. अण्णा अत्यवस्थ, ताबडतोब निघ.

"यात अत्यवस्थ लिहिलंय," ती म्हणाली.

"आणि कमळूनं काळजी नको म्हणून लिहिलंय. तो डोळ्यांनी पाहून आला. तुझा नवरा खोटं लिहील का?"

रमानं पोस्टकार्ड पुन्हा वाचलं. ती तार हातात घेऊन चुलीपाशी बसून राहिली. एकीकडे भावाचे शब्द, दुसरीकडे नवऱ्याचे. कुणाला खोटं म्हणावं?

दिवे लागायच्या सुमाराला देवमनची बायको दुर्गाबाई आली. ती जिनातच कापूस निवडायला होती. केसांत अजून कापसाची पिसं होती. "बाई, जिनात फोन आला! आजचाबी जिकले. उद्या अकोल्यासंग सामना. त्याहीनंबी दोन्ही जिकले. उद्या जो जिकंन तो बाद फेरीत! मी चालली सकाळच्या गाडीनं." मग तिचं लक्ष रमाच्या चेहऱ्याकडे गेलं. "काय झालं वो?"

रमानं तार वाचून दाखवली, आणि मग पोस्टकार्डही.

"मंग चाला न माह्यासंग."

आतून पार्बताबाई कडाडल्या, "दुर्गे, तू तुझ्या नवऱ्याचा खेळ बघायला जा. हिला शिकवू नकोस. हिचा पाय पडला आणि उद्या हरले, तर तुझ्याच नवऱ्याचं तोंड खाली होईल."

दुर्गाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती, तिथूनच बोलली. "आजी, आमच्या तं सावलीलेच लोकं अपशकून म्हनत होते. आमी छप्पन सालीच सोडलं ते. बाईचा बाप एकच हाये. बाद फेरी काय, पुढच्या साली पुन्हा येते."

"पुढच्या साली!" पार्बताबाई म्हणाल्या. "दहा वर्षं हेच ऐकतेय मी."

रविवारी सकाळी रमा उठली, सासूला वाकून नमस्कार केला आणि पिशवी घेऊन निघाली. पार्बताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं, एवढंच.

बडनेऱ्याहून पॅसेंजर. मूर्तिजापूरपर्यंत दुर्गाबाई एकटीच बोलत होती. डब्यात निवडणुकीची भाषणबाजी आणि अष्टग्रहीची भीती दोन्ही चालू होती. एक म्हातारा तर प्रलय येण्याआधी लेकीला भेटून घ्यावं म्हणून भुसावळला निघाला होता. अकोला आलं. दुर्गाबाई उडी मारून उतरली. रमा दाराच्या दांडीला धरून पायरीवरच उभी राहिली.

"बाई, उतरता ना? गाडी चालली."

"पाय उचलत नाहीये गं."

दुर्गाबाईनं तिचा दंड धरला आणि तिला सरळ खाली घेतलं. "पडला पाय. पाहा, धरनी काही फाटली नाही."

रमा माहेरी पोचली तेव्हा बारा वाजले होते. अण्णा माजघरात पलंगावर. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, डावा हात गोधडीवर लाकडासारखा पडलेला. गोपाळकृष्णनं तिला बाजूला घेतलं.

"गुरुवारी अर्धांग झालं. एवढा उशीर का केलास, ताई?"

"तुझी तार काल मिळाली."

"तार मी काल केली, कारण परवा कमलाकांतराव स्वतः येऊन गेले. अण्णांना असंच पाहून गेले ते. मी म्हटलं, ताईला आजच बोलवा. म्हणाले, हो, लिहितो."

रमानं पिशवी खाली ठेवली. ती पलंगाजवळ जाऊन बसली आणि अण्णांचा उजवा हात हातात घेतला. त्यांनी डोळे उघडले. ओळखलं. जिभेला वळण येत नव्हतं, तरी शब्द कळत होते.

"सामना… झाला?"

"नाही अण्णा. चार वाजता आहे."

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "मग… का… आलीस?"

ती ऐंशी कोस चालून आली असती तरी तिला इतकं दमल्यासारखं वाटलं नसतं. म्हणजे अण्णांचाही त्यावर विश्वास होता. ज्यांनी तिच्या लग्नाचा मुहूर्त काढला, ज्यांनी तिला पाटीवर श्री गिरवायला शिकवलं, त्यांचाही. मरणाच्या दारात त्यांना जावयाच्या सामन्याची काळजी पडली होती. तिनं हात सोडवून घ्यायला हलवला. अण्णांनी तो सोडला नाही. डोळे मिटून घेतले, पण बोटं घट्ट धरून ठेवली, आणि तशीच दुपार गेली.

मैदान मोर्णा नदीच्या पलीकडे होतं. चार वाजता गलका सुरू झाला. घरात बसून खेळ दिसत नव्हता, पण गर्दी अकोल्याची होती; अकोल्याला गुण मिळाला की आरोळी उठे, अमरावतीला मिळाला की नुसता गुणगुणाट. आधी आरोळ्यांवर आरोळ्या आल्या. अण्णा प्रत्येक आरोळीला डोळे उघडायचे. मग त्या विरळ होत गेल्या. पाऊण तासानं एक मोठी आरोळी अर्ध्यावरच तुटली आणि नदीपलीकडे काही म्हणजे काही ऐकू येईना.

"जिंकले," गोपाळकृष्ण म्हणाला. "आपले जिंकले, ताई."

आपले कोण, हे रमाला त्या क्षणी कळेना. अण्णांच्या तोंडाचा चांगला कोपरा मात्र हलला. ते हसले असावेत.

दिवेलागणीला कमलाकांत आला. गळ्यात हार, हातात पेढ्यांचा पुडा, कपाळाला गुलाल. "गोपाळराव! दोन गुणांनी! देवमननं शेवटच्या चढाईत तिघं मारले!" म्हणत तो माजघराच्या दारात आला आणि रमाला पाहून जागच्या जागी थांबला.

"तू केव्हा आलीस?"

"बारा वाजता."

"सामन्याच्या आधी?"

"आधी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दहा वर्षं ती या एका गोष्टीची वाट बघत होती: ती अकोल्यात असेल आणि संघ जिंकेल. आता तो काय म्हणतो, एवढंच राहिलं होतं.

कमलाकांतनं मागे वळून अंगणात कुणी नाही ना ते पाहिलं. हार काढून पिशवीत टाकला. "कुणाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "उद्या उपांत्य सामना आहे. पोरांना कळलं तर त्यांचा दम जाईल. उद्याचा दिवस आतच राहा. अण्णांपाशीच तर बसायचंय तुला."

"तुम्ही मला खोटं का लिहिलंत?"

"रमा, माझा विश्वास नाही गं या सगळ्यावर. तुला माहीत आहे."

सोमवारी सकाळी नऊला अण्णा गेले. मग कोण आत आणि कोण बाहेर? कमलाकांतचा सासरा गेला म्हणताना अख्खा संघ शेषरावांसकट अंगणात येऊन उभा राहिला. तिरडी निघताना रमा ओसरीवर होती. शेषरावांनी तिला पाहिलं आणि शेजारच्याला कोपरानं ढोसलं, ते तिनं पाहिलं.

दुपारी कमलाकांत स्मशानातून आला, आंघोळ केली, आणि कुणाशी न बोलता मैदानावर गेला. उपांत्य सामना यवतमाळशी. बारा विरुद्ध एकतीस. देवमन चार वेळा पकडला गेला.

गाडीला अजून वेळ होता, म्हणून संध्याकाळी सगळे निरोप घ्यायला आले. ओसरीवर सतरंजी घातली होती. रमा आत दिव्यापाशी बसलेली. मधलं दार उघडंच होतं.

"शास्त्रीबुवा गेले, लय वाईट झालं," शेषराव गोपाळकृष्णला म्हणाले. "पन खरं सांगू का भाऊ? सकाळी वयनीले इथं पाह्यलं. म्हनलं, संपलं. आजचा सामना गेला."

"काहून?" देवमन म्हणाला. तो कोपऱ्यात गुडघ्याला फडकं बांधत होता. "काल तं जिकलो ना आपन."

"काल वयनी नोत्या."

"होत्या. दुर्गासंगच आल्या पॅसेंजरनं. काल बारा वाजतापासून याच घरात हायेत त्या. इचारा आमच्या घरच्या मानसाले. अन् आज हरलो ते माह्यानं हरलो. कालच गुडघा गेला माहा. कोनाले सांगितलं नाही, ते माहं चुकलं."

शेषरावांनी कमलाकांतकडे पाहिलं. "भाऊ, तुमाले माईत होतं?"

"काल संध्याकाळी कळलं," कमलाकांत म्हणाला.

रमा आतून ऐकत होती. आता शेषरावांपाशी काही उरलं नाही, असं तिला वाटलं. शेषराव मान खाली घालून विचार करत होते. मग त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा एकदम मोकळा झालेला होता, अडलेलं गणित सुटावं तसा.

"मंग बराबर हाये," ते म्हणाले. "काल शास्त्रीबुवा जिते होते. पुन्यवान मानूस. जे यायचं होतं ते त्याहीनं सोतावर झेललं. आपल्याले जिकवलं अन् सोता गेले. आज झेलाले कोनी नोतं, म्हनून ते आपल्यावर आलं."

दोघातिघांनी मान डोलावली. कुणीतरी हात जोडले. म्हणजे आता ढालही तिनंच घालवली होती आणि बापही तिनंच.

"काय बोलून राहिले तुमी, शेषरावभाऊ!" देवमन उठून उभा राहिला. "मानूस जाऊन दिवसबी नाही झाला!"

सगळे कमलाकांतकडे बघत होते. रमाही दारातून त्याच्याकडेच बघत होती. त्यानं देवमनच्या गुडघ्याची चौकशी केली असती, यवतमाळच्या पकडीचं कौतुक केलं असतं, नुसतं "पुरे" म्हटलं असतं, तरी चाललं असतं. कमलाकांतनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"गाडीची वेळ होत आली," तो म्हणाला.

रमा उठून ओसरीवर आली. पुरुषांच्या बैठकीत ती अशी कधी आली नव्हती. "तुम्ही सगळे निघा," ती म्हणाली. "सांभाळून जा. माझी वाट बघू नका." शेवटचं वाक्य नवऱ्याला होतं, आणि ते तेराव्यापुरतं आहे असं त्याच्यासकट सगळ्यांना वाटलं.

ती पुन्हा अमरावतीला नांदायला गेली नाही. अष्टग्रही आली आणि गेली, जग होतं तसंच राहिलं. कमलाकांत दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा म्हणाला, "माझा विश्वास नाही गं त्यावर." दुसऱ्या वेळी रमा म्हणाली, "ते मला माहीत आहे. तुमचा विश्वास असता तर मी आले असते." याचा अर्थ तो ओसरीच्या पायरीशी किती तरी वेळ लावत उभा होता, असं गोपाळकृष्ण सांगायचा.

त्रेसष्ट ते सहासष्ट, चारही वर्षं अंबिका जिनाचा संघ रविवारच्या गाडीनं परत आला. शेषराव म्हणत, वयनी आता कायमच्याच अकोल्यात बसल्या, करणार काय! सदुसष्टमध्ये जिन बंद पडलं आणि संघही. शेषरावांनी पुढे चांदूर बाजारला किराणा दुकान टाकलं. अखेरपर्यंत माणूस गप्पिष्ट आणि लोकांच्या अडीअडचणीला धावणारा. पार्बताबाई पासष्टमध्ये वारल्या. कमलाकांत जिन सुटल्यावर एका शाळेत कवायत शिकवू लागला. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. एकाहत्तर साली तो गेला, तेव्हा रमा जाऊन दहा दिवस राहून आली.

देवमनचा गुडघा काही सुधारला नाही. त्या सोमवारनंतर तो एकच हंगाम खेळला. मग त्याला सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि तो हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. दुर्गाबाईच्या दोन्ही मुली शिकल्या. धाकटी नर्स झाली. अकोल्याला आली की दुर्गाबाई रमाकडे उतरायची. गोपाळकृष्णनं भिक्षुकी सोडली आणि कोर्टात नोकरी धरली.

रमा ट्रेनिंग करून मास्तरीण झाली आणि पातूरच्या एका शाळेत तिनं बावीस वर्षं शिकवलं. तिथं तिनं मुलींचा खो-खोचा संघ उभा केला. तो सलग आठ वर्षं तालुक्याच्या बाहेर गेला नाही. काहून हो बाई, म्हणून कुणी पालक विचारायला आले, तर ती सांगायची, आमच्या मुली पळायला कमी पडतात, आणि त्यांना उद्यापासून पहाटे अर्धा तास आधी पाठवा.